आखूड स्कीचे माप कसे ठरवावे

स्कीच्या दुकानात गिऱ्हाईक ताठ उभे राहते, दुकानदार स्की त्याच्या शेजारी टेकवतो आणि तिचे टोक हनुवटीला लागते की नाकाला एवढे पाहून माप ठरवून टाकतो. नेहमीच्या लांबीच्या स्कीसाठी ही रीत ढोबळ असली तरी चालून जाते, कारण माणसाच्या उंचीचा आणि वजनाचा सर्वसाधारणपणे काही एक मेळ असतो. आखूड स्कीच्या बाबतीत मात्र ती निरुपयोगी ठरते. 99 सेंटिमीटरची स्की पाच फुटी माणसाच्या छातीखाली येते आणि सहा फुटी माणसाच्या कमरेशी, पण यांपैकी कोणाला ती पेलेल याचा त्यातून काहीच अंदाज येत नाही. आखूड स्कीचे माप ठरते ते अंगावरच्या साजासकटच्या वजनावर, ज्या बर्फावर ती चालवायची त्यावर आणि बुटाच्या तळाच्या लांबीवर. या तीन गोष्टी याच क्रमाने तपासाव्यात आणि उंचीचा विचार सर्वांत शेवटी करावा.

हे मार्गदर्शन प्रौढांसाठी आहे. गुलमर्ग, औली किंवा सोलंगला हिवाळ्यात जाणारे, तसेच नोकरीनिमित्त म्युनिक, झुरिक, डेन्व्हर किंवा सिएटलच्या आसपास स्थायिक झालेले आणि आता स्वतःची जोडी घ्यावी असे वाटू लागलेले वाचक डोळ्यांसमोर ठेवून ते लिहिले आहे. लहान मुलांच्या स्की आखूड दिसत असल्या तरी त्यांचा लवचीकपणा आणि बाइंडिंगची, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणाऱ्या पकडीची, ताकद मुलांच्या वजनाला धरून बेतलेली असते, त्यामुळे स्वस्त मिळते म्हणून मुलांची 120 सेंटिमीटरची स्की मोठ्या माणसाने घेणे अजिबात योग्य नाही.

आधी प्रकार निश्चित करावा

आखूड स्की म्हणून तीन निरनिराळ्या वस्तू विकल्या जातात आणि बहुतेकांची गफलत इथूनच सुरू होते.

पहिला प्रकार स्कीबोर्ड किंवा स्नोब्लेडचा. लांबी साधारणपणे 75 ते 110 सेंटिमीटर, पुढचे आणि मागचे अशी दोन्ही टोके बहुधा वर वळलेली, आणि वापर काठ्यांशिवाय. ऑस्ट्रियाच्या क्नाइस्ल कंपनीने 1990च्या दशकाच्या सुरुवातीस आणलेली ‘बिगफूट’ ही जेमतेम 65 सेंटिमीटरच्या आसपासची होती आणि तिच्या पुढच्या टोकाला चक्क पायाच्या बोटांचा आकार दिलेला होता. त्याच दशकाच्या उत्तरार्धात सॅलोमनच्या 90 सेंटिमीटरच्या ‘स्नोब्लेड’ने हा प्रकार सर्वदूर पोहोचवला.

दुसरा प्रकार 115 ते 135 सेंटिमीटरच्या रुंद स्कीचा. यांवर नेहमीचे सुटणारे, म्हणजे पडताना बूट मोकळा करणारे, बाइंडिंग बसते, काठ्या वापरता येतात आणि थोड्या मऊ बर्फातही त्या निभावतात. गुडघ्यांची काळजी असलेल्या, पन्नाशी ओलांडलेल्या किंवा वजनाने भारदस्त माणसांसाठी आखूड स्की घ्यायची तर माझ्या मते याच पट्ट्यात शोधावे. बाजारात मात्र या लांबीच्या स्की कमी असतात आणि चौकशी करून मागवाव्या लागतात.

तिसरा प्रकार म्हणजे नेहमीचीच स्की, पण आपल्या मापापेक्षा एक-दोन पायऱ्या आखूड निवडलेली, साधारण 140 ते 150 सेंटिमीटरची. इथे हनुवटीची रीत चालते, म्हणून तिच्याविषयी अधिक लिहीत नाही. एवढेच लक्षात ठेवावे की ‘आखूड’ या शब्दाला काळाचा संदर्भ आहे. हात वर करून मनगटापर्यंत पोहोचेल एवढी स्की घ्यावी, असा नियम एके काळी होता. एलान कंपनीने 1993मध्ये मध्यभागी बारीक होत जाणारी ‘एससीएक्स’ ही स्की आणल्यानंतर स्की झपाट्याने आखूड होत गेल्या आणि आज विश्वचषकातल्या स्लॅलम, म्हणजे खांबांमधून झटपट वळणे घेत जायच्या, शर्यतीत पुरुषांना किमान 165 आणि महिलांना किमान 155 सेंटिमीटर लांबीची स्की चालते. आखूड स्कीवरून शिकवण्याची कल्पना त्याहूनही जुनी आहे. अमेरिकेत क्लिफ टेलर यांनी आणि फ्रान्समधल्या लेझ आर्कमध्ये रोबेर ब्लाँ यांनी नवशिक्यांना आधी अगदी आखूड स्कीवर वळणे शिकवून मग टप्प्याटप्प्याने लांबी वाढवण्याची पद्धत रूढ केली होती. आखूड स्की म्हणजे खेळणे, असे मानणाऱ्यांनी हा इतिहास ध्यानात घ्यावा.

जुन्या वस्तूंच्या बाजारात कधीकधी ‘फिगल’ नावाच्या अतिशय आखूड पट्ट्या दिसतात. ऑस्ट्रियातल्या टिरोलमधले गिर्यारोहक वसंत ऋतूतल्या दाणेदार बर्फावरून खाली उतरण्यासाठी त्या चढाईच्या बुटांना बांधतात. स्की रिसॉर्टच्या उतारांवर वापरायला घ्यायच्या त्या वस्तू नव्हेत.

वजन आणि तळाचे क्षेत्रफळ

माप ठरवण्याचे खरे काम इथे होते, म्हणून कागद-पेन्सिल घेऊन बसावे. सकाळी घरच्या काट्यावर दिसते ते वजन इथे उपयोगाचे नाही. स्कीचे बूट जोडीला साधारण चार किलो भरतात, कपडे, हेल्मेट आणि हातमोजे मिळून आणखी तीन किलो होतात आणि पाठीवर पिशवी असेल तर पाणी, खाणे आणि जादा कपडे मिळून तीन-चार किलोंची भर पडते. म्हणजे 70 किलोचा माणूस उतारावर 80 किलोंच्या घरात जातो. यापुढे वजन म्हणजे हे साजासकटचे वजन समजावे.

बर्फ माणसाला पेलतो तो स्कीच्या तळाच्या क्षेत्रफळावर. भातलावणीच्या चिखलात फळी टाकली की पाय रुतत नाही, आणि फळी किती लांब आहे याइतकेच ती किती रुंद आहे यालाही महत्त्व असते, तसेच इथे आहे. प्रत्येक स्कीवर किंवा तिच्या माहितीपत्रकात तीन आकडे छापलेले असतात: पुढच्या टोकाची, कमरेची म्हणजे मधल्या बारीक भागाची, आणि शेपटीची रुंदी, मिलिमीटरमध्ये. कमरेचा आकडा दुप्पट करून त्यात टोकाचा आणि शेपटीचा आकडा मिळवावा आणि बेरजेला चाराने भागावे. सरासरी रुंदी पुरेशा अचूकपणे मिळते. तिला लांबीने गुणले की एका स्कीचे आणि दुप्पट केले की जोडीचे क्षेत्रफळ निघते. टोके वर वळलेली असल्यामुळे प्रत्यक्षात बर्फाला टेकणारा भाग याहून कमी असतो, परंतु दोन जोड्यांची तुलना करायला हा हिशोब पुरतो.

आता 80 किलोंचाच माणूस घेऊन चार जोड्या पाहू. 90 सेंटिमीटरच्या जुन्या धर्तीच्या अरुंद स्नोब्लेडची मापे 110, 80 आणि 100 असतील, तर सरासरी रुंदी सव्वानऊ सेंटिमीटर आणि जोडीचे क्षेत्रफळ 1,665 चौरस सेंटिमीटर होते. म्हणजे प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर 48 ग्रॅमचा भार. 99 सेंटिमीटरच्या रुंद स्कीबोर्डची मापे 140, 110 आणि 130 असतील, तर क्षेत्रफळ सुमारे 2,425 आणि भार 33 ग्रॅम. 120 सेंटिमीटरची, 130, 100 आणि 120 मापांची जोडी घेतली तर क्षेत्रफळ 2,700 आणि भार 30 ग्रॅम. 160 सेंटिमीटरची, 125, 76 आणि 108 मापांची नेहमीची स्की घेतली तर क्षेत्रफळ 3,080 आणि भार 26 ग्रॅम.

या आकड्यांकडे जरा निरखून पाहावे. 90वरून 99वर जाताना लांबी अवघी नऊ सेंटिमीटर वाढली, पण रुंदीही वाढल्यामुळे भार जवळजवळ एक तृतीयांशाने उतरला. पुढे 99वरून 160पर्यंत लांबी 61 सेंटिमीटरने वाढूनही तो जेमतेम पाचव्या हिश्शाने कमी झाला. ‘90 घेऊ की 99’ या प्रश्नाचे उत्तर म्हणूनच नुसत्या लांबीवरून देता येत नाही आणि रुंदी न विचारता सल्ला देणाऱ्याचे फार मनावर घेऊ नये. यंत्राने दाबून सपाट केलेल्या उतारांसाठी भार 35 ग्रॅमच्या आत आणि मऊ बर्फातही उतरायचे असेल तर 30च्या आसपास राहील असे पाहावे, हा माझा अंदाजपंचे पण उपयोगी पडणारा दंडक आहे.

हा हिशोब करण्याचा कंटाळा असेल तर ढोबळ मापे अशी: साजासकट 60 किलोंपर्यंत वजन असेल तर 80 ते 90 सेंटिमीटरची, कंबर फार अरुंद नसलेली जोडी पुरते. 60 ते 80 किलोंसाठी 95 ते 100, 80 ते 95 किलोंसाठी 105 ते 120 आणि त्यापुढे 120 ते 135 सेंटिमीटर. दोन मापांच्या सीमेवर असाल तर लांब माप घ्यावे. आखूड स्की वळवण्यात अडचण सहसा येत नाही. अडचण येते ती सरळ जाताना स्थिर राहण्यात, आणि तिथे लांबीचाच आधार असतो.

उंचीचा प्रश्न आता घेता येईल. उंच माणसाचा गुरुत्वमध्य वर असतो, त्यामुळे त्याचा तोल पुढे-मागे चटकन जातो. पावणेसहा-सहा फुटांच्या पुढची उंची असेल आणि वजन मापाच्या वरच्या टोकाला असेल तर पुढचे माप निवडावे. पाच फूट चार इंच आणि 85 किलो अशा ठेंगण्या पण जाडजूड माणसाने मात्र उंचीकडे पाहून लहान माप मुळीच घेऊ नये. दुकानदार हमखास तेच सुचवतो.

ताठरपणाकडेही इथेच लक्ष द्यावे. स्कीचा तळ वर करून दोन टोके धरून मध्यावर गुडघ्याने हलकेच दाबले की ती किती वाकते ते हाताला कळते. वजनदार माणूस मऊ स्कीवर उभा राहिला की बुटाखालचा भाग रुततो आणि टोके वर उचलली जातात, म्हणजे विकत घेतलेल्या लांबीपैकी बराच भाग फुकट जातो. उलट 50 किलोंच्या माणसाला अतिताठर स्की मिळाली तर ती वळणात वाकतच नाही आणि नुसती घसरत राहते.

बर्फ कोणता, उतार कोणता

औलीला उतार साधारण 2,500 ते 3,050 मीटर उंचीच्या पट्ट्यात आहेत, शिकवणी चालते तो भाग बराचसा दाबून तयार केलेला असतो आणि गढवाल मंडल विकास निगमचे स्कीवर्ग तिथेच भरतात. अशा ठिकाणी 95 ते 100 सेंटिमीटरची जोडी आनंदाने चालते. सोलंगचा उतार रुंद पण लहान आहे. तिथेही हेच माप पुरते, मात्र दुपारी ओला होऊन चिकटणाऱ्या बर्फात 80-85 सेंटिमीटरच्या पट्ट्या एकाएकी अडकतात आणि माणूस पुढच्या पुढे तोंडावर जातो.

गुलमर्गची गोष्ट वेगळी आहे. गावाजवळच्या मैदानावरचे उतार आणि गोंडोलाच्या म्हणजे रज्जुमार्गाच्या पहिल्या टप्प्यावरचा कोंगडूरीचा परिसर एकीकडे, तर दुसऱ्या टप्प्याने जिथे पोहोचतो तो अफरवट शिखराजवळचा सुमारे 3,950 मीटरवरचा भाग दुसरीकडे. वरचा बर्फ दाबलेला नसतो. ताजी हिमवृष्टी झाली की तिथे गुडघ्यापर्यंत भुसभुशीत थर असतो आणि हिमस्खलनाचा धोका खरोखरीचा असतो. स्कीबोर्ड घेऊन अफरवटवर जाऊ नये, असे मी स्पष्टच म्हणेन. 99 सेंटिमीटरची जोडी अशा बर्फात रुतते, रुतली की सपाट भागात काठ्यांशिवाय पुढे सरकता येत नाही आणि वाटाड्यासोबतचा सगळा गट एका माणसासाठी खोळंबतो. तिथे जायचेच असेल तर नेहमीच्या लांबीची रुंद स्की भाड्याने घ्यावी. भारतातल्या भाड्याच्या दुकानांत बहुधा नेहमीच्याच लांबीच्या स्की असतात, त्यामुळे आखूड जोडी हवी असणाऱ्याला ती स्वतःची न्यावी लागते आणि वरच्या भागासाठी मात्र भाड्याची सहज मिळते. ही विभागणी सोयीचीच आहे.

आल्प्समध्ये किंवा रॉकीजमध्ये सकाळी उतार कडक, कधी काचेसारखा असतो. अशा बर्फावर आखूड स्कीची कड कमी लांबीवर पकड घेते आणि वेग वाढला की टोके थरथरू लागतात. तिथे राहणाऱ्यांनी वर सांगितलेल्या मापांत साधारण दहा सेंटिमीटर वाढवून घ्यावेत आणि कंबर 100 मिलिमीटरच्या आत ठेवावी. टी-आकाराच्या दांड्याला टेकून वर ओढले जाण्याची लिफ्ट असेल तर तिथेही अतिआखूड स्की डावी-उजवीकडे भरकटते. नवख्याने पहिल्या फेऱ्या बसायच्या लिफ्टवरच कराव्यात.

बुटाच्या टाचेवरचा आकडा

स्कीच्या बुटाचे माप सांगताना लोक 26.5 किंवा सात नंबर असे सांगतात. हे पावलाचे माप झाले. स्कीला लागते ते बुटाच्या कडक तळाचे. बूट आडवा धरून टाचेच्या बाजूला प्लास्टिकवर नीट पाहिले की कोरलेला किंवा उठावाचा एक तीन अंकी आकडा सापडतो, 305 मिमी किंवा 315 मिमी असा. मळ किंवा ओरखड्यांमुळे तो पुसट झाला असेल तर ओल्या फडक्याने पुसून टॉर्चचा उजेड तिरका टाकावा. हा आकडा लिहून ठेवावा, बुटाचा फोटोही काढून ठेवावा, कारण एकाच 26.5 मापाच्या दोन कंपन्यांच्या बुटांचे तळ काही मिलिमीटरनी वेगळे असतात आणि बाइंडिंगला तेवढा फरकही चालत नाही. 26 आणि 26.5 या दोन मापांचे बाहेरचे कवच मात्र सहसा एकच असते.

लांबीच्या निवडीशी याचा थेट संबंध आहे. 315 मिलिमीटरचा तळ 90 सेंटिमीटरच्या स्कीवर बसवला की स्कीचा एक तृतीयांशाहून अधिक भाग बुटाखालीच जातो आणि तेवढा भाग ताठ होतो. उरलेले साडेअठ्ठावन्न सेंटिमीटर पुढे-मागे वाटून प्रत्येक बाजूला एकोणतीसच्या आसपास येतात. तेवढ्यावरच माणसाने पुढे किंवा मागे झुकायचे असते. स्कीवर मागे रेलून उभे राहण्याची ज्याची सवय आहे त्याला हे एकोणतीस सेंटिमीटर फार लवकर संपतात. तळ 320 मिलिमीटरपेक्षा मोठा असेल तर माझ्या मते 95 सेंटिमीटरच्या खाली जाऊच नये. याउलट 265 मिलिमीटरच्या छोट्या बुटाला 90 सेंटिमीटरवरही पुढे-मागे पुरेशी लांबी उरते, आणि मध्यम वजनाच्या स्त्रियांना 90 सेंटिमीटरची जोडी छान जमते याचे एक कारण हेच आहे.

तळाचा प्रकारही पाहावा. पारंपरिक सपाट तळ, चालायला सोयीचा वळणदार ग्रिपवॉक तळ आणि चढाईच्या बुटांचा तळ हे तिन्ही एकाच बाइंडिंगवर बसतात असे नाही. बाइंडिंगवर छापलेली खूण आणि बुटावरची खूण जुळली पाहिजे.

कंबर आणि वळणाची त्रिज्या

कंबर अरुंद असेल तर स्की एका कडेवरून दुसऱ्या कडेवर पटकन जाते, पण बुटाचे कवच दोन्ही बाजूंनी बाहेर डोकावते आणि स्की फार कलली की तेच बर्फाला घासून माणूस घसरून पडतो. बुटाखाली उंचवट्याची पट्टी बसवली की हा त्रास कमी होतो. कंबर 110 मिलिमीटरच्या पुढे गेली की मऊ बर्फात आधार मिळतो, परंतु कडक बर्फावर कड लावताना गुडघ्यावर ताण येतो. दाबलेल्या उतारांसाठी 85 ते 100 आणि मिश्र बर्फासाठी 100 ते 115 हा पट्टा बहुतेकांना मानवतो.

कडेवर कललेली स्की ज्या वर्तुळात वळते त्याच्या त्रिज्येचा आकडा स्कीवर छापलेला नसेल तर काढता येतो. टोक आणि शेपटी यांच्या रुंदीच्या सरासरीतून कंबर वजा करून निम्मे करावे; ही झाली कडेच्या वक्राची खोली. बर्फाला टेकणाऱ्या लांबीचा वर्ग या खोलीच्या आठपटीने भागला की त्रिज्या मिळते. वरच्या 99 सेंटिमीटरच्या उदाहरणात टेकणारी लांबी 78 सेंटिमीटर धरली तर त्रिज्या सुमारे सहा मीटर येते, आणि 160 सेंटिमीटरच्या स्कीत 140 सेंटिमीटर धरली तर बारा. सहा मीटरची स्की जणू आपणहून वळते, आणि नवशिक्याला त्याचा मोह पडतो. पण तीच स्की सरळ जाऊ द्यायला तयार नसते. निवांत, मोठी वळणे आवडत असतील तर आठ मीटरच्या खाली जाऊ नये.

बाइंडिंग: इथे काटकसर करू नये

मूळच्या स्नोब्लेडवर न सुटणारे बाइंडिंग असे. त्यामागचा तर्क असा होता की स्की इतकी आखूड आहे की पडताना तिचा तरफेसारखा दाब पायावर फारसा येणार नाही. पिळवटणाऱ्या पडण्यापुरता आणि गुडघ्यापुरता हा तर्क बराचसा खरा ठरला, पण पुढच्या बाजूला पडताना बूट स्कीला घट्ट धरून राहतो, शरीर पुढे जाते आणि बुटाच्या वरच्या काठाशी नडगीचे हाड मोडते. स्कीबोर्डवरच्या दुखापतींत नडगीच्या हाडाचे मोडणे ठळकपणे दिसू लागले ते याच कारणाने.

म्हणून माझा सल्ला असा की जोडी कोणत्याही लांबीची असो, बाइंडिंग सुटणारेच घ्यावे. एक मीटरच्या पुढे तर त्यात तडजोड नकोच. अनेक स्कीबोर्डना मध्यभागी चार बाय चार सेंटिमीटर अंतरावर चार भोके असतात आणि त्यांवर एक जाड पट्टी बसवून नेहमीचे बाइंडिंग लावता येते. त्यामुळे जोडीचे वजन थोडे वाढते. ते वाढू द्यावे. न सुटणारे बाइंडिंग ज्यांना हवेच आहे त्यांनी 90 सेंटिमीटरच्या आत, सौम्य उतारावर आणि कमी वेगात राहावे. हाडे ठिसूळ झाल्याचे निदान झालेल्यांनी त्याच्या वाटेला जाऊ नये.

बाइंडिंग किती जोर पडल्यावर सुटावे ते ठरवणारा आकडा स्वतः अंदाजाने फिरवू नये. तो वजन, उंची, वय, स्की करण्याची शैली आणि बुटाच्या तळाची लांबी यांवरून तक्त्यातून काढला जातो आणि त्या तक्त्यात वय 50 किंवा त्याहून अधिक असेल तर आकडा एक पायरी खाली येतो. काही जण लाजेखातर आपले वजन कमी किंवा शैली आक्रमक सांगतात; दोन्हींमुळे आकडा चुकतो. मागच्या वर्षीचा आकडा तसाच ठेवणेही बरोबर नव्हे, विशेषतः बूट बदलले असतील तर. जुने बाइंडिंग निर्मात्याच्या चालू यादीतून गेलेले असेल तर परदेशातली बरीच दुकाने त्याला हात लावायलाच नकार देतात, त्यामुळे वापरलेली जोडी घेण्यापूर्वी जवळच्या दुकानात फोन करून विचारावे.

सुटलेली स्की थांबवणाऱ्या ब्रेकच्या दांड्या स्कीच्या कमरेपेक्षा किंचित रुंद असाव्या लागतात, पण 15 मिलिमीटरपेक्षा जास्त नाही. 110 मिलिमीटर कमरेच्या स्कीबोर्डवर 90 मिलिमीटरचा ब्रेक खाली उतरतच नाही, आणि सुटलेली स्की मग दुसऱ्याच्या पायावर जाऊन आदळते. ब्रेक बसत नसेल तर स्की पायाशी बांधणारा पट्टा लावावाच लागतो.

वापरलेली जोडी आणि प्रवास

स्कीबोर्डची वापरलेली जोडी चांगली मिळते, कारण हौसेने घेऊन एक-दोन हिवाळ्यांत टाकणारे पुष्कळ असतात. लांबी स्वतः मोजावी: काही कंपन्या तळाच्या वक्राला धरून मोजतात, काही टोकापासून टोकापर्यंत सरळ रेषेत, आणि त्यात एक-दोन सेंटिमीटरचा फरक पडतो. तळावर आडवा हात फिरवून खोल ओरखडे पाहावेत, कडेजवळ नखाने थर सुटतो का ते तपासावे, भोकांतले स्क्रू ढिले नाहीत ना ते पाहावे. मुंबईत किंवा कोकणात एक पावसाळा कपाटात राहिलेल्या जोडीच्या पोलादी कडांवर गंज असणारच. तो वरवरचा असेल तर घासून जातो, खड्डे पडले असतील तर ती जोडी सोडून द्यावी.

विमानाने श्रीनगरला किंवा डेहराडूनला न्यायची असेल तर एक व्यावहारिक मुद्दा मापावर थोडासा परिणाम करतो. अनेक विमान कंपन्यांत लांबी, रुंदी आणि उंची मिळून 158 सेंटिमीटर ही सामानाची मर्यादा असते. 99 सेंटिमीटरची जोडी बांधून 103 बाय 28 बाय 20 च्या पिशवीत बसली तर बेरीज 151 होते आणि ती साध्या सामानात जाते. 120 सेंटिमीटरची जोडी त्या मर्यादेबाहेर जाते आणि तिचा क्रीडासाहित्य म्हणून आगाऊ उल्लेख करावा लागतो. तरीही 95 किलोंच्या माणसाने केवळ यासाठी 99 घेऊ नये.

पहिल्या दिवशीची तपासणी

शक्य असेल तर विकत घेण्यापूर्वी एक दिवस भाड्याने घेऊन पाहावी. घेऊन झाली असेल तरीही ही तपासणी करावी, कारण बाइंडिंगची जागा पुढे-मागे सरकवता येते.

अगदी सौम्य उतारावर, जिथे खाली आपोआप थांबता येईल अशा ठिकाणी, दोन्ही स्की समांतर ठेवून सरळ खाली यावे. हलक्या वेगातच टोके थरथरत असतील तर जोडी वजनाच्या मानाने आखूड किंवा मऊ आहे. त्यानंतर उताराला आडवे उभे राहून कडा हलकेच सोडत सरळ खाली घसरावे. टोके खाली वळत असतील तर वजन पुढे पडते आहे, शेपट्या वळत असतील तर मागे. उभे राहण्याची ढब सुधारूनही तेच होत राहिले, तर पहिल्या स्थितीत बाइंडिंग एक सेंटिमीटर मागे आणि दुसऱ्या स्थितीत एक सेंटिमीटर पुढे घ्यावे, आणि सरकवल्यावर बाइंडिंगचा बुटावरचा दाब दुकानातून पुन्हा तपासून घ्यावा. तिसऱ्यांदा एका पायावर पाच-सहा मीटर घसरून पाहावे. एका स्कीवर भार दुप्पट होतो, त्यामुळे माप लहान असेल तर ते इथे लगेच उघडे पडते: स्की बर्फात दबते आणि वेग एकदम मंदावतो.

शेवटी मोठी वळणे घेत वेग थोडा वाढवत न्यावा. कोणत्या वेगाला पाय ताठरू लागतात ते लक्षात ठेवावे. तो वेग आपल्या नेहमीच्या वेगापेक्षा बराच वर असेल तर माप बरोबर आहे. नेहमीच्या वेगालाच तसे होत असेल तर दहा ते पंधरा सेंटिमीटर लांब जोडी घ्यावी, आणि तेवढी लांब मिळत नसेल तर त्याच लांबीची पण कंबर दहा-पंधरा मिलिमीटरनी रुंद व तळ अधिक ताठर असलेली.